रॉकेट अक्षरातली सही

माझं अक्षर किती लोकांनी अंगावर वागवलं याची मोजदाद कोणी ठेवली नाही. नव्वदच्या दशकात सुरतेहून जिथे जिथे तयार कपडे जात, तिथे जीन्सच्या मागच्या खिशावर, फ्रॉकच्या गळ्यात, परकराच्या नाडीजवळ मी काढलेली नावं जात. ती कोणी आवर्जून वाचली असतील असा माझा गैरसमज नाही. मानेत टोचतं म्हणून लोक घरी गेल्या गेल्या जे कात्रीनं उसवून फेकतात, ते माझं काम.

मी सुरतेत कतारगामच्या एका लेबलच्या कारखान्यात ग्राफ काढत असे. जळगावच्या नातेवाइकांना हे सांगितलं की ते "हो का, छान" म्हणत आणि माझ्या नवऱ्याला बँकेतलं काहीतरी विचारत. तेव्हा एकदाच नीट सांगून टाकते. विणलेलं लेबल म्हणजे दोन बोटं रुंदीची फीत. तिच्यावरचं नाव छापलेलं नसतं, मागावर धाग्यांनी विणलेलं असतं. आता मागाला काही वाचता येत नाही. त्याला एका वेळी एवढंच कळतं की या ओळीला कुठले उभे धागे वर उचलायचे आणि कुठले खाली ठेवायचे. ते सांगायला जाड पुठ्ठ्याची कार्डं असतात. कार्डाला भोक असेल तिथला धागा उठतो, नसेल तिथला बसून राहतो. एक कार्ड म्हणजे विणीची एक ओळ. अशी शेकडो कार्डं दोऱ्यानं ओवून त्यांची माळ मागाच्या डोक्यावर टांगायची. मग माग खडखडत एकेक ओळ विणतो आणि खाली हळूहळू नाव तयार होतं.

भोक कुठे पाडायचं हे ज्या कागदावर ठरतं तो ग्राफ. चौकटीचौकटींचा मोठा कागद, एक चौकट म्हणजे एक धागा. त्या चौकटींना आम्ही घरं म्हणायचो. घर लाल भरलं तर भोक, कोरं सोडलं तर नाही. घरं भरायचं काम माझं. भरलेला ग्राफ समोर लावून त्याबरहुकूम कार्डांना भोकं पाडायचं काम पंचिंगवाल्याचं, आणि आमच्याकडे ते काम देवरावभाऊ खंडारे करत. ही गोष्ट त्यांची आहे, पण आधी अक्षराचं सांगायला हवं, कारण सगळा घोळ त्या अक्षरानं केला.

घरांच्या कागदावर गोल काढता येत नाही. 'व'चं पोट काढायला जावं तर त्याच्या पायऱ्या होतात, आणि विणून आल्यावर ते उंदरानं कुरतडल्यासारखं दिसतं. बारीक रेघही चालत नाही, कारण धागे सरकतात आणि रेघ गिळून टाकतात. माझ्या आधी जे गृहस्थ ग्राफ काढत ते तरीही गोल आणि नाजूकच काढत आणि दोष मागाला देत. मीही वर्षभर तसंच केलं. मग एक जीन्सवाला आला. खुर्चीत बसता बसता म्हणाला, "बेन, सन दो हजार में जैसा अक्षर होगा, वैसा दो." दोन हजार साल यायला तेव्हा बराच अवकाश होता. तिथलं अक्षर मी कुठून आणणार होते?

शेवटी वैतागून मी ठरवलं की गोल नकोच. उंची बारा घरं, दांड्या तीन घरं जाड, वळायचं तिथे काटकोनात वळायचं, आणि फार तर कोपऱ्यातलं एक घर कोरं सोडून धार काढायची. 'व'चं पोट चौकोनी झालं. 'र' गुडघ्यात वाकला. 'ळ'च्या दोन डोळ्यांच्या दोन खिडक्या झाल्या. आधी इंग्रजी केलं, मग देवनागरी, मग कारखान्याच्या मालकांच्या, म्हणजे शेठच्या आग्रहाखातर गुजराती. काळ्यावर चंदेरी असं पहिलं लेबल विणून आलं तेव्हा शेठनी फीत दाराच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "बेन, आ तो रॉकेट जेवुं छे," हे तर रॉकेटसारखं दिसतं. त्या दिवसापासून कारखान्यात त्या अक्षराचं नाव रॉकेट पडलं.

मग काय, ज्याला त्याला रॉकेट हवं. गिऱ्हाईक आलं की शेठ केबिनमधून सांगत, "शैलाबेन, आने रॉकेट मां नाखो," याला रॉकेटमध्ये टाका. एका गिऱ्हाइकाला त्यांच्या कुलदेवीचं नाव रॉकेटमध्ये हवं होतं, पुरुषांच्या चड्डीच्या पट्टीवर. मी म्हटलं, देवीनं जाब विचारला तर मी तुमचा पत्ता देणार. ते विचार करायला घरी गेले आणि नातवाचं नाव घेऊन परत आले. मी कोणी कलावंत नव्हते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन परीक्षा, एवढंच माझं भांडवल. तरी एखाद्या पोराच्या खिशावर रस्त्यात रॉकेट दिसलं की मी नवऱ्याला कोपरानं ढोसायची. त्या अक्षराचा मला फार अभिमान होता, गरजेपेक्षा जास्तच.

देवरावभाऊ बुलढाण्याकडचे. सुरतेत बमरोलीला गावाकडच्या चार जणांबरोबर एका खोलीत राहत. बायको आणि मुलगी गावी. बुटके, शांत, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. पंचिंगच्या यंत्रावर बसले की डोळे ग्राफच्या एका ओळीवर, बोटं खटक्यांवर, आणि ओठांत मोजणी चाललेली: तीन भरलं, चार कोरं, तीन भरलं. ओळ संपली की ग्राफवरची पट्टी एक घर खाली सरकवायची आणि पुढचं कार्ड. चार वर्षांत त्यांचं चुकलेलं भोक मी दोनदा पाहिलं असेल. शेजारच्या टेबलावर बसून मी चार वर्षं काम केलं आणि एक साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही.

एक परकरवाला होता. त्याच्या मालाचं नाव 'कमल'. लहान, मधलं, मोठं अशा तीन मापांत लेबलं हवी होती, पांढऱ्यावर गुलाबी. जेवायच्या सुट्टीआधी मी आवाज दिला, "देवरावभाऊ, कमलची मोठ्या मापाची कार्डं झाली का?"

यंत्र थांबलं. "कोनाची?"

"कमलची. परकरवाल्याची."

ते उठून माझ्या टेबलाशी आले. हातात विणून आलेलं लहान मापाचं लेबल होतं. "ताई, याच्यावर कमल लिवलं हाय?"

मी हो म्हटलं, आणि म्हणता म्हणता माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांना वाचता येत नव्हतं.

"मले वाटे हे नक्षीकाम हाय," ते म्हणाले. एकेका अक्षरावर बोट ठेवत त्यांनी मला सांगितलं, "याले म्या कुदळ म्हनतो. याले खिडकी. हे तिसरं, हे विळा." चार वर्षं त्यांनी माझ्या प्रत्येक अक्षराला मनात एक नाव ठेवलं होतं. मग त्यांनी लेबल तळहातावर सपाट केलं. "कमल आमच्या मंडळीचं नाव हाय ताई."

बायकोचं नाव त्यांनी तीन मापांत भोकं पाडून काढलं होतं, शेकडो वार फीत विणली गेली होती, आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी कडेला वाकडं कापलं गेलेलं एक लेबल रद्दीतून उचललं, "हे घेऊ काय?" विचारलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. दुपारभर काम करताना त्यांचा हात मधून मधून खिशाकडे जात होता.

दुसऱ्या दिवशी डबा न उघडताच माझ्याकडे आले. म्हणाले, "ताई, मले माह्यं नाव लिवाले शिकवा."

कारण त्यांनीच सांगितलं. दिवाळीत गावी गेले असताना कसल्याशा कागदावर अंगठा लावला होता. कमल चौथी पास, ती सही करायची. हे अंगठा लावायचे. घरी आल्यावर पाच वर्षांच्या वंदनानं त्यांचं जांभळं बोट पाहिलं. तिला वाटलं काहीतरी लागलंय. चुलीतली राख आणून तिनं ते बोट घासलं, पाण्यानं धुतलं, पुन्हा घासलं. मग विचारलं, आईचं बोट कसं चांगलं राहिलं?

"आतापरेंत काई वाटलं नाही ताई," देवरावभाऊ म्हणाले. "कमल सही करते, म्या बोट पुढं करतो. पर पोरगी राखेनं बोट घासाले लागली तवा लई कसंतरी झालं. यंदा तिले इथं आनतो, मराठी शाळेत टाकतो. तिच्या समोर म्या अंगठा नाही लावनार."

जून यायला तीन महिने होते. मी त्याच क्षणी ग्राफचा उरलेला तुकडा ओढला, निळं स्केचपेन घेतलं आणि रॉकेटमध्ये 'देवराव' काढून दिलं. दुसरं काही मला सुचलंच नाही. ते अक्षर त्यांच्या ओळखीचं होतं, बोटांना सवयीचं होतं, शिवाय माझं होतं.

त्यांचं शिकणं बघण्यासारखं होतं. तुम्हीआम्ही 'दे' लिहितो, मग 'व', मग 'रा'. देवरावभाऊ कार्डासारखं लिहायचे. वरची मात्रा झाली की शिरोरेषेची पहिली ओळ, अख्ख्या नावाची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग दुसरी ओळ. मग तिसरी. ओठांत मोजणी चालूच. पाचव्या-सहाव्या ओळीपर्यंत पाहणाऱ्याला काही कळायचं नाही, आणि मग चारही अक्षरं एकदम खाली उतरू लागायची. मला गंमत वाटली. मी ती बदलायचा विचारही केला नाही, कारण शेवटी दिसायचं ते इतकं सुबक की मी स्वतः काढलेलं वाटावं.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी न बघता, पाठ मोजणीवर, अख्खं नाव एकाही घराची चूक न करता भरलं. मी तो तुकडा कारखानाभर फिरवला. शेठ म्हणाले, "देवराव, तारुं नाम तो जीन्स उपर चाले." देवरावभाऊ लाजून हसले. त्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "ताई, लोकं असं गोल गोल लिवतात, ते कवा शिकवता?"

"गोल काय करायचंय?" मी म्हटलं. "हे बघा ना किती छान दिसतंय."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा विचारलं नाही. माझं हे वाक्य मला पुढे फार वेळा आठवलं.

मे महिन्यात कमल आणि वंदना सुरतेत आल्या. बमरोलीत वेगळी खोली घेतली. कमल उंच, सावळी, कमी बोलणारी. पहिल्या भेटीत मी पाहिलं, तिच्या पोलक्याच्या आत, गळ्याशी, ते वाकडं कापलेलं गुलाबी लेबल शिवलेलं होतं. माझ्या लेबलांपैकी कोणी मुद्दाम शिवून घेतलेलं तेवढं एकच मी पाहिलं.

वंदनाचं नाव शाळेत घालायच्या दिवशी देवरावभाऊंनी मला बरोबर चला म्हटलं. ऑफिसात बोलायची त्यांना धास्ती होती. मी अर्धी रजा टाकली. व्हरांड्यात पालकांची रांग होती, बहुतेक सगळी मागावर काम करणारी माणसं. आत मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, स्वतः विचारून विचारून फॉर्म भरत होत्या. फॉर्म सायक्लोस्टाइल केलेला, पातळ पिवळट कागदावर. मुलीचं नाव, गाव, जन्मतारीख सगळं झालं. "इथे वडिलांची सही," असं म्हणत त्यांनी एका हातानं फॉर्म आणि दुसऱ्या हातानं शाईचं पॅड पुढे सरकवलं. त्यात कमी लेखण्याचा भाव नव्हता. सकाळपासून बहुतेकांना तेच लागलं होतं.

"पेन द्या बाई," देवरावभाऊ म्हणाले.

वंदना टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून बघत होती. देवरावभाऊंनी पेन घेतलं, फॉर्मवर टेकवलं आणि थांबले. पेन उचललं, जरा डावीकडे टेकवलं, पुन्हा थांबले. मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "ताई, याच्यात घरंच नाहीत."

तीन महिन्यांत मी त्यांना एकदाही कोऱ्या कागदावर लिहायला लावलं नव्हतं. घरं असतील तर ते बिनचूक लिहीत, पण कोऱ्या जागेत पहिलं घर कुठे धरायचं हेच त्यांना कळत नव्हतं. मी त्यांना लिहायला शिकवलंच नव्हतं. माझं अक्षर तेवढं त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतं.

मागे रांग चुळबुळायला लागली. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि समजुतीनं म्हणाल्या, "आईला येते ना सही? मग आई करू दे. चालतं."

खरंच चालण्यासारखं होतं. कमलनं एक पाऊल पुढे यायचं आणि विषय संपायचा. कमल जागची हलली नाही. "नाही बाई," ती म्हणाली. "त्यायलेच करू द्या."

तेवढ्यात माझी नजर खिडकीकडे गेली. कारखान्यात नक्कल उतरवायची असली की मी मूळ ग्राफ खिडकीच्या काचेवर चिकटवायची, त्यावर कोरा कागद धरायची, आणि मागून उजेड आला की खालची घरं वरच्या कागदात दिसायची. माझ्या पर्समध्ये कायम ग्राफचे तुकडे असत. मी मोठ्या बाईंना म्हटलं, "फॉर्म जरा त्या काचेवर धरू का? पाचच मिनिटं."

"काचेवर?" त्या म्हणाल्या. पण त्यांनी नाही म्हटलं नाही.

एका बाजूनं मी फॉर्म धरला, दुसऱ्या बाजूनं कमलनं, आणि काच नि फॉर्म यांच्या मध्ये ग्राफचा तुकडा. दुपारचं ऊन पलीकडच्या भिंतीवर होतं. पातळ कागदातून घरं स्वच्छ दिसली. काचेवर उभा धरलेल्या कागदावर बॉलपेन उमटेना. माझ्याकडे लाल स्केचपेन होतं. मोठ्या बाई म्हणाल्या, "लाल नको, ते आमचं," आणि त्यांनी कपाटातल्या रंगांच्या खोक्यातून निळं काढून दिलं.

आणि देवरावभाऊ मोजायला लागले. तीन भरलं, चार कोरं. आधी मात्रा, मग सबंध शिरोरेषा, मग एकेक ओळ खाली. माझे हात भरून आले. रांगेतली माणसं दारातून वाकून बघत होती. "काय चाललंय?" असं कोणी विचारलं, कोणी म्हणालं, "नकाशा काढतोय." आठवी ओळ झाली, नववी झाली, आणि रांगेतल्या वाचता येणाऱ्या कोणीतरी सावकाश मोठ्यानं वाचलं, "दे-व-रा-व." बाराव्या ओळीचं शेवटचं घर भरून होईपर्यंत सगळे तिथेच उभे होते.

सही दोन बोटं उंच झाली आणि खालच्या 'कार्यालयीन उपयोगासाठी' या रकान्यात चांगलीच उतरली. मोठ्या बाईंनी फॉर्म लांब धरून पाहिला. "इतकी ठळक सही या शाळेत आजवर आली नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी शाईचं पॅड स्वतःच्या हातानं बंद केलं.

बाहेर व्हरांड्यात वंदनानं बाबांचं बोट धरून उलटंसुलटं करून पाहिलं. स्केचपेननं ते निळंशार झालं होतं. ती तक्रारीच्या सुरात म्हणाली, "बाबा, हे तं पुन्हा रंगलं."

"रंगू दे," देवरावभाऊ म्हणाले. "हे सहीचं हाय."

गोष्ट इथे संपली असती तर मला बरं वाटलं असतं. पण शाळेत सही एकदाच लागत नाही. वर्षातून तीनदा प्रगतिपुस्तक घरी येतं. ते जाड पुठ्ठ्याचं, त्याच्यातून उजेड जात नाही. म्हणून देवरावभाऊ रविवारी आमच्या घरी यायचे. मी पट्टीनं प्रगतिपुस्तकावर फिकट पेन्सिलीची घरं आखायची, ते भरायचे, मग मी खोडरबरानं रेघा पुसायची. चहा व्हायचा. वंदनाचे गुण मी वाचून दाखवायची, गणितात ती हुशार होती. आपण त्यांना साधं लिहायला शिकवावं असं प्रत्येक वेळी माझ्या मनात यायचं, आणि प्रत्येक वेळी मी घरं आखायची. खरं सांगायचं तर त्यांचं येणं मला आवडत होतं. आपल्याशिवाय कोणाचं तरी अडतं, ही भावना फार गोड असते.

मग शेठनी कॉम्प्युटर घेतला. माझे सगळे ग्राफ एकेक करून त्यात गेले. नवे माग आले, त्यांना कार्डंच लागत नव्हती. पंचिंगचं यंत्र भंगारात गेलं, देवरावभाऊ सुरतेबाहेर कडोदऱ्याला एका कारखान्यात मागावर लागले आणि तिकडेच राहायला गेले, वंदना मात्र बसनं जुन्याच शाळेत येत राहिली. मीही वर्षभरात घरी बसले. रॉकेट त्या कॉम्प्युटरमध्ये कुठेतरी असेल, कुठल्या नावानं ते मला माहीत नाही. देवरावभाऊंचं येणं लांबलं आणि मग थांबलं. अंतर वाढलं, जमत नसेल, अशी मी मनाची समजूत घातली. नाइलाजानं अंगठा लावत असतील असंही वाटून गेलं, आणि त्याचा मला त्रास व्हायचा.

वंदना चौथीत असताना एका सकाळी ते दारात उभे राहिले. चेहरा उतरलेला. "ताई, शाळेनं बोलावलं हाय. प्रगतिपुस्तकावर पोरीनंच सही ठोकली म्हनतात. ती रडून राह्यली. मोठ्या बाई तुमाले वळखतात, तुमी चाला फक्त."

मला वाटलं, केली असेल पोरीनं. बापाला हेलपाटा नको म्हणून मायेनंच केली असेल. मी काही विचारलं नाही. पर्समध्ये पट्टी, पेन्सिल, खोडरबर, ग्राफचा तुकडा आणि निळं स्केचपेन टाकलं आणि निघाले.

ऑफिसात वंदना भिंतीला टेकून उभी होती, डोळे सुजलेले. कमल तिच्याजवळ. "मी नाही केली," एवढंच वंदना म्हणत होती. मोठ्या बाई थोड्या थकल्या होत्या, पण आवाज तोच. त्यांनी फाइलमधून तो जुना फॉर्म काढला. निळा रंग फिकट झाला होता, अक्षर तसंच ताठ. त्याच्या शेजारी त्यांनी प्रगतिपुस्तक उघडून ठेवलं. तिथे बॉलपेननं, बारीक, वर जात गेलेलं 'देवराव' होतं. "ही तुमची सही मला चांगली आठवते," त्या म्हणाल्या. "मग ही कोणाची?"

मी पर्सची चेन उघडली. देवरावभाऊ खुर्चीवर बसले.

"कोरा कागद द्या बाई," ते म्हणाले. "रेघा नसल्या तरी चालते."

मोठ्या बाईंनी कागद दिला. देवरावभाऊंनी पेन धरलं आणि 'दे' लिहिलं. मग 'व'. मग 'रा'. मग 'व'. ओठ हलत नव्हते, ते काही मोजत नव्हते. अक्षर थरथरलेलं होतं, शिरोरेषा शेवटी चढलेली, आणि दोन्ही 'व'ची पोटं एवढी गोल की पुढच्या अक्षराला जागा उरू नये. मी माझ्या अक्षरातून हाकलून दिलेला सगळा गोलपणा त्या दोन पोटांत होता.

"कमलनं शिकवलं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पोरीच्या पाटीवर. दोन वर्सं लागली. तुमाले सांगाले जीव झाला नाही ताई. तुमी इतक्या मनानं घरं आखून देत होत्या."

मोठ्या बाईंनी कागद प्रगतिपुस्तकाशी लावून पाहिला. वंदनाला जवळ बोलावून तिच्या पाठीवर हात ठेवला. मग जुन्या फॉर्मवर बोट टेकवून विचारलं, "मग आता यांतली तुमची सही कोणती धरू?"

"दोनी माह्याच हायेत बाई," देवरावभाऊ म्हणाले. "ते ताईचं अक्षर हाय. हे माह्यं."

त्यांच्या आवाजात ना रोष होता ना टोमणा. विचारलं ते त्यांनी सांगितलं. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले, आणि आत कुठेतरी दुखलंही. दोन्ही खरं आहे.

मोठ्या बाईंनी त्यांना त्याच जुन्या फॉर्मवर, रॉकेटच्या खाली उरलेल्या बोटभर जागेत, नवी सही करायला सांगितली. ते वाकले आणि त्यांनी ती केली. कमल बघत होती, वंदना नाक पुसत बघत होती. मी पर्सची चेन हळूच पुन्हा लावली.